डोया हटवू नोका

रात्री दोनले फोन वाजला
तं पयले हॅलो नाई म्हनत आमी.
पयले इचारतो : दिसते का?
दिसत असन तं डोया हटवू नोका.
काठी खाली ठेवा. मी निंगालो.

निंगाचं म्हंजे
शर्ट उलटा, बूट तेवढे सुलटे,
पीव्हीसीचा पाईप, वाकवलेली सळई,
आन् थैली.

थैली आपल्या मायनं शिवलेली चालत नाई.
दुसऱ्याच्या मायनं शिवून द्या लागते.
हे कोनं ठरवलं, मालूम नाई.
माह्यी फुलाबाईनं शिवली, देवा किनाकेच्या मायनं,
लुगड्याच्या धडप्याची, दुहेरी टाक्याची.
म्हने, फाटली तं सांगाले वापस ये.

पैसे घेत नाई. च्या घेतो.
पेट्रोलचे कोनी देल्लेच तं हात मांगं घेत नाई,
पन मांगत नाई.
नाल्यापल्याडचे मांगतात. त्याईच्यासंग आमचं
पोयापासून बोलनं बंद हाये.

वहीत लिहितो : तारीख, गाव, कोनता, किती फूट, कुठी सोडला.
तस्लीम मेडिकलवाला धामनीले
नेहमी फूटभर वाढवते.
चालवून घेतो.

ज्या घरी माह्या आज्याले
ओसरीच्या खाली, वरून पानी वाढत,
त्या घरात मी थेट चुलीपाशी गेलो.
देवघराचा पाट उचलला,
कोठीच्या मांगं हात घातला.
बूट काढाले वाकलो तं मालकीन म्हने,
राहू दे बाप्पा, राहू दे, जाय तसाच.
परड होती. कुकरावानी फुफाटत होती.
थैलीत घेऊन बाहीर आलो, च्या आला,
मले कागदाच्या गिलासात.
बाकीच्याईच्या हातात कपबश्या होत्या.

वहीत याचा रकाना नाई.

नागपंचमीले आमाले सुट्टी नाई.
सकायी वारुळापाशी दूध, लाह्या, हयद,
संध्याकायी त्याच घरून फोन :
लवकर ये, नाई तं ठेचतो.

देवाले कोनं शिकवलं नव्हतं.
त्यानंच आमाले शिकवलं.
गर्दीत थैली उघडू नये.
सापाले बक्षीसावानी वर धरू नये.
फोटो नाई, म्हंजे नाई.
मंग एका लग्नात वराती पोट्ट्याईनं मोबाईल काढले :
एक डाव, देवाभाऊ, एकच डाव.
कोनाले नाई म्हनता येत नसे त्याले,
त्याच्याचपायी तं रात्री दोनले उठे तो.
नाग लहानच होता.
दवाखाना अठ्ठावीस किलोमीटर.
गाडीत मले म्हने, टाईम लिहून ठेव,
डॉक्टर इचारन.
सात चायीस.
थे नोंद माह्या अक्षरात हाये.
किती फूट, लिहिलं नाई.

व्हिडिओ आमी आमच्या मोबाईलातून काढला.
लोकाईच्या मोबाईलातून निंगत नाई.

बारा गावच्या भितीवर देवाचा नंबर अजून हाये,
एसटीच्या शेडवर, सोसायटीच्या गोदामावर,
त्याच्याच हातचा लाल पेंट, वघयलेले नऊ.
चुना आन् कुंचा घेऊन आमी निंगालो होतो,
तं फुलाबाई आडवी आली.
राहू द्या म्हने. रिचार्ज मी मारतो.

आता रात्री कोनी तो नंबर लावला
तं खोकत उठते थे,
चष्मा सापडत नाई, बटन अंदाजानं.
तो गेला, हे सांगत नाई कोनाले.
इचारते : दिसते का?
डोया हटवू नोका बाप्पा, पोट्टं निंगालं.

मंग मले लावते.
मी नाई उचलला तं वैजू बोरकुटेले,
जिची थैली अजून कोरी हाये,
जिच्या थैलीच्या टाक्यापायी
परवा मले बोलावलं होतं
सुई ओवाले.